घोंगडीवरचा अहेरीचा बाजार

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. मी टोचते, हे मला मान्य आहे. पण भद्रावतीच्या आशाबाईंनी मला इतके घट्ट विणले की आजही माझा एक धागा सुटलेला नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी चांद्याच्या सैनिकी शिबिरात आले. कोणी मला पांघरले नाही. हवालदार रामाजी मला मैदानात अंथरत आणि मशीनगन खोलून तिचे भाग माझ्यावर ठेवत. नव्या जवानाने डोळ्यांवर पट्टी बांधून ते भाग जोडायचे, ही परीक्षा. तीनदा नापास झाला त्याची घरी रवानगी.

अहेरीकडच्या जंगलातला लालसू दोनदा नापास झाला होता. त्याच्या गावातून शिपाई व्हायला निघालेला तो पहिलाच. भागांची नावे तो रात्रंदिवस घोकी आणि पट्टी बांधली की सगळे विसरे. रिकाम्या हाताने परतायची त्याला फार लाज वाटत होती.

रामाजी रागावले नाहीत. माझ्या काठावर बसून त्यांनी विचारले, "डोळे मिटून तुले काय दिसते, लालसू?"

"अहेरीचा बाजार."

"मंग तोच मांड इथी."

लालसूने बाजार मांडला. लाकडी दस्ता सुताराच्या जागी, लांब नळी बुरडाच्या बांबूंजवळ, दट्ट्या लोहाराकडे, गोळ्यांची पेटी शेवटी नदीकडच्या चारोळीवालीपाशी. जंगलाच्या वाटेने बाजारात शिरायचे आणि एकेक वस्तू घेत जायचे. त्याचे हात चुकेनासे झाले आणि मला कोण आनंद झाला!

शेवटच्या परीक्षेला रामाजींनी सगळे तसेच मांडले. पण उन्हामुळे परीक्षा घेणाऱ्या साहेबांची खुर्ची हलली आणि लालसूला पट्टी बांधून त्यांच्यासमोर, माझ्या पलीकडच्या काठाला बसवले. त्याचा हात सुताराकडे गेला, तर तिथे गोळ्यांची पेटी! हात थांबला. रामाजींना बोलायची मुभा नव्हती. मलाही तोंड नव्हते.

लालसूने माझ्यावर तळवा फिरवला आणि तो हळूच म्हणाला, "दुकानं जागच्या जागीच हायेत. मीच नदीकडून आलो."

मग तो पलीकडच्या टोकाच्या सुतारापासून एकेक भाग उचलत आपल्याकडे येत गेला आणि मशीनगन जोडून त्याने साहेबांसमोर ठेवली. रामाजींनी तोंड फिरवून डोळे पुसले. लालसू शिपाई झाला.

त्यानंतर रामाजी प्रत्येक नव्या जवानाला आधी त्याचा बाजार विचारत. आरमोरीचा बाजारही माझ्यावर भरला. एका घोंगडीला याहून काय हवे?

मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. आणि तुमच्या शेजारी कोणी घोकूनही विसरत असेल, तर त्याला हसू नका. त्याला त्याच्या गावचा बाजार विचारा.