लाल भाताचा कौल

कुंडलजवळच्या वस्तीवर भाऊसो देवऋष्याच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. सुनेनं शिजवलेला आणि भाऊसोनं अंगारा टाकून ठेवलेला ताटलीतला पांढरा भात तीन दिवसांत रक्तासारखा लाल झाला होता.

"सुनंच्या हातालाच दोष हाय," भाऊसो डोळे फिरवत म्हणाला. "देवी रगत ओकतीया! हिला म्हायेरी धाडा, न्हाईतर घरातलं मानूस जाईल."

शितावरून भाताची परीक्षा करतात. इथं भातावरून सुनेची चालली होती. सून स्वप्नाली, सहा महिन्यांची गरोदर, खांबाला टेकून उभी होती. सासू बनुबाईंनी तिची पिशवी भरूनच आणली होती. नवरा जयराज मान खाली घालून पायानं माती उकरत होता.

जयराज माझाच जुना विद्यार्थी. एकोणतीस वर्षं मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतोय आणि शिळ्या अन्नावर काय उगवतं, त्याचंच संशोधन करतोय. स्वप्नालीनं फोन केला म्हणून आलो. खरं सांगतो, कंटाळा आला होता. असले चमत्कार उघडे पाडत फिरतो; दर वर्षी गाव नवं, खेळ तोच.

"चार ताटल्या भात करू," मी म्हणालो. "एक सुनेचा, एक सासूचा, दोन माझ्या हातच्या. तुमचा अंगारा तीन ताटल्यांवर टाका. माझ्या एका ताटलीवर नको."

भाऊसो चुळबुळला. पण गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "टाका की! देवी भितीय व्हय?"

ताटल्या झाकून कपाटात ठेवल्या. किल्ली बनुबाईंच्याच कमरेला.

तिसऱ्या दिवशी अंगाऱ्याच्या तिन्ही ताटल्या लाल निघाल्या. चौथा भात नुसता आंबला होता.

"आवं सर, ह्यो तर मी शिजवल्याला!" बनुबाईंनी आपली ताटली पुढं केली.

"माझाही लाल झालाय, मावशी. मलाही माहेरी धाडा."

जयराजनं पुढं होऊन अंगाऱ्याची पिशवी पाटावर उलटी केली. राखेत वाळलेली लाल शितं होती. भाऊसो घाईघाईनं ती परत पिशवीत भरू लागला.

"हे रक्त नाही," मी सांगितलं. "ओल्या भातावर वाढणारा जिवाणू आहे, तोच लाल रंग सोडतो. भाऊसो जुना लाल भात वाळवून राखेत मिसळतो, बस्स."

स्वप्नालीनं माहेरासाठी भरलेली आपली पिशवी उचलली आणि कुणाकडंही न बघता सासरच्याच घरची वाट धरली.

"जयराज, जर्नलात या जिवाणूची आकृती काढली होतीस. नऊ मार्क दिले होते मी."

"परीक्षेपुरती काढली हुती, सर."

त्या वाक्यानं मी जितका थकलो, तितका एकोणतीस वर्षांत थकलो नव्हतो.

सोमवारी वर्गात पुन्हा तोच जिवाणू फळ्यावर काढला. म्हणालो, "कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी दोन ताटल्या मांडा. एकीवर अंगारा, एकीवर नको. मग बघा."

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे परीक्षेला येणार का?"

"नाही," मी म्हणालो. "घरी येणार आहे."