शिक्क्याची जागा

“हेच का ते टेबल?” म्हाताऱ्याने विचारले, आणि तुळजाने काडीला गुंडाळलेला ओला कापूस झटकन मुठीत लपवला.

वडपे गावातल्या त्या गोदामात परदेशातली जुनी पुस्तके कंटेनर भरून येत आणि ऑनलाइन विकली जात. बऱ्याच पुस्तकांवर कुठल्या कुठल्या ग्रंथालयांचे शिक्के असत. शिक्का दिसला की गिऱ्हाइकाला तो चोरीचा माल वाटे आणि पुस्तक परत येई. म्हणून मालक मनोजने ‘सफाई’ हे खाते काढले. खाते म्हणजे एक टेबल, एक पांढरी बाटली आणि तुळजा. आधी बाटलीतले शाई उडवणारे पाणी, मग टिपकागद, शेवटी बारीक पॉलिश पेपर. हात असा हलका, की शिक्का जाई आणि कागदाला पत्ता लागत नसे. “आमची तुळजाताई चंद्रावरचा डाग पण काढेल,” असे मनोज चारचौघांत म्हणे. कौतुकाला पैसे पडत नाहीत, म्हणून ते तो सढळ हाताने वाटे. आणि तुळजाही ते पदराला बांधून घरी नेई.

“हे एझ्राकाका रोहेकर, ठाण्याहून आलेत,” मनोज म्हणाला. “ज्यू आहेत. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे म्हणून आपले जुने लोक शनिवार तेली म्हणायचे ना, ते.”

“तेल आजोबांनीच सोडलं,” म्हातारा हसला. “नाव तेवढं तुम्ही सोडत नाही.”

त्याने पिशवीतून एक पुस्तक काढले, पहिले पान उघडले आणि खिडकीकडे तिरके धरले. पिवळ्या कागदावर एक वाटोळी जागा किंचित पांढरी होती.

“हे तुमच्याकडूनच मागवलं. इथे शिक्का होता. कोणी काढला?”

बाईला आपली भाकरी ओळखू यावी तसे तुळजाने आपले काम ओळखले. जांभळा शिक्का, चौकोनी चौकोनी अक्षरांचा. दिवाळीनंतर तशा पुस्तकांची एक खेपच आली होती. अक्षरे रांगोळीसारखी दिसली म्हणून पहिल्यांदा तिचा हात थबकलाही होता. मग चालला.

“काका, माल येतो तसा जातो. आपण कशाला हात लावतोय?” मनोज म्हणाला. “काय तुळजाताई?”

“न्हाय बा. आमी निस्ती धूळ पुसतो.”

म्हातारा खोक्यावर टेकला. “जर्मनीत एक शाळा होती. आमचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, तिथे तयार व्हायचे. तुमच्याकडे वेदपाठशाळा असते ना, तशी. एखादे गुरुजी वारले की त्यांची पुस्तकं शाळेला यायची, शाळा शिक्का मारायची. मग नाझी आले. शाळेला कुलूप लावलं, पुस्तकं ट्रकात घातली. पुढे गुरुजी आणि पोरंही गाड्यांत घातली. परतले ते मोजके. पुस्तकं मात्र जगभर फिरताहेत. माझी नात रीमा तिकडे इस्रायलमध्ये तीच शोधते. शाळेची यादी जळाली. शिक्का असला तरच कळतं, हे आपलं.”

“आन् नसला तर?” तुळजाच्या तोंडून गेले.

“मग नुसतं जुनं पुस्तक. कोणाचंही.”

“चहा मागवतो,” मनोज म्हणाला. दुःख त्याला कळे, पण चहापुरते. “तोवर रॅक बघा ना काका. शिक्क्याचं मिळालं तर तसंच घेऊन जा.” मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळे तो फार उदार झाला होता.

तुळजाचा बाप राघो एका बांधापायी हयातभर भांडला. भावकीने त्याच्या हद्दीचा दगड उपटून ओढ्यात टाकला होता. शेत होते तिथेच होते, फक्त राघोचे राहिले नव्हते. “जमीन खाल्ली तर म्हनीन भूक लागली असंल,” तो म्हणे, “पर दगड काडनाऱ्याला काय म्हनू?” राघोला शब्द सापडत नसे. तुळजाला सापडत. त्या दगड काढणाऱ्याला तिने बापाच्या वतीने किती शिव्या मोजल्या होत्या! आज त्या सगळ्या एकेक करून घरी परतल्या.

म्हातारा रॅकपाशी वाकून एकेक पान उजेडाकडे तिरके करत होता. डोळ्यांतून पाणी गळत होते, पुसत होता, पुन्हा बघत होता.

“काका, ऱ्हाऊ द्या. तुमाला न्हाय दिसायचं.”

“का गं?”

“मी काडलेत. मीच.”

चहाचे ग्लास घेऊन आलेला मनोज तिथेच थांबला. “ताई, आपलं काम सांभाळा.” त्या ‘ताई’तली सगळी साखर गेली होती.

“सांबाळलं म्हून तर ह्ये झालं.”

म्हातारा रागावला नाही. चार शब्द बोलला असता तर तेवढे तरी फिटले असते. त्याने एवढेच विचारले, “परत आणता येतो?”

“न्हाय. गेला त्यो गेला.”

मग ती टेबलापाशी गेली. पांढऱ्या बाटलीचे झाकण आणि कानामागची पेन्सिल घेऊन परत आली. रॅकवरचे त्याच खेपेतले एक पुस्तक तिने उघडले, कागदावरून बोट फिरवले. जिथे कागद पातळ लागला तिथे झाकण ठेवले. बरोबर बसले. पेन्सिलीने तिने कडेकडेने गोल काढायला घेतला.

“अहो, विकायचंय ते पुस्तक!” मनोज म्हणाला.

पंख्याच्या वाऱ्याने पान फडफडू लागले. म्हाताऱ्याने त्यावर तळहात ठेवला. गोल पुरा झाला. “हितं व्हता,” ती म्हणाली. आत काही नव्हते. तुळजाने खालच्या फळीवरचे दुसरे पुस्तक ओढले. मनोजच्या हातातल्या चहावर साय धरत होती.