जागा घरातच राहील

शिरवळच्या एका कारखान्यात सोमवारी सकाळी कँटीनमध्ये तिथले जुने कामगार लालासाहेब यांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि एक मिक्सर. म्हसवडकडची चौदा माणसं त्यांनी आपल्या शब्दावर कामाला लावली होती आणि त्यातलं एकही सोडून गेलं नव्हतं. "ओळखीतून आलेला माणूस टिकतो. जाहिरातीचा खर्च नाही, कटकट नाही," मॅनेजर माइकवर म्हणाले. त्या चौदांतली एक, लालासाहेबांच्या चुलत पुतण्याची बायको सृष्टी, पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

'कटकट नाही' हे शब्द वाचकांनी नीट लक्षात ठेवावेत. सगळी मेख तिथंच आहे.

सृष्टी पत्रे कापणाऱ्या प्रेसवर बसायची. हात आत गेला की यंत्र थांबवणारा सेन्सर महिनाभर बंद होता. सारखं यंत्र थांबतं, माल कमी निघतो, म्हणून मुद्दाम बंद ठेवलेला! तिनं लालासाहेबांना सांगितलं होतं.

"गप काम कर, पोरी," ते म्हणाले होते. "तू तक्रार केलीस की सायेब मला इचारनार, कसली मान्सं आनलीस? माझं नाव जाईल."

जाहिरात वाचून आलेला माणूस भांडला असता, नाहीतर दुसरं काम बघायला गेला असता. ही कुठं जाणार? तिच्या पायात घरच्याच माणसाच्या नावाची बेडी होती. आणि या बेडीला कंपनी शाल-श्रीफळ देते.

बुधवारी दुपारी सृष्टीच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली.

शनिवारी साताऱ्याच्या दवाखान्यात लालासाहेब सफरचंदं घेऊन आले. खाटेपाशी सासू अंबूबाई आणि नुकतीच बारावी झालेली नणंद क्रांती बसल्या होत्या. लालासाहेबांनी खिशातून दोन कागद काढले. पहिल्यावर लिहिलं होतं की अपघात सृष्टीच्याच निष्काळजीपणामुळं झाला. दुसरा होता क्रांतीच्या नावाचा कामाचा अर्ज. 'कोणाच्या ओळखीने' या रकान्यात लालासाहेबांची सही आधीच झाली होती.

"सायबांशी बोललोय," ते म्हणाले. "पैल्या कागदावर डावा अंगठा दे, दवाखान्याचा खर्च कंपनी करती. अन क्रांती सोमवारपास्नं तुझ्याच प्रेसवर. जागा घरातच ऱ्हाईल."

जागा घरातच राहील! जे यंत्र सुनेची बोटं खातं, त्याच्यापुढं त्याच घरातली लेक बसवायची आणि वर उपकार केल्यागत बोलायचं. सृष्टीच्या फौजेत असलेल्या नवऱ्यानं, जयराजनं, लालासाहेबांचं नाव निघताच फोनवर एवढंच सांगितलं होतं, "तात्या म्हनतील तसं कर." सीमेवर छाती काढून उभा राहणारा माणूस भावकीपुढं असा वाकतो.

सृष्टीनं विचारलं, "तात्या, सेन्सर चालू केला का?"

"करतील की."

"म्हंजे न्हाई. मग राजवर्धनला बसवा की माझ्या प्रेसवर."

राजवर्धन हा लालासाहेबांचा मुलगा. त्याला मात्र ऑफिसात खुर्ची मिळाली होती.

"त्याचं काम येगळं हाय," म्हणून लालासाहेब खाली बघू लागले.

अंबूबाईंनी क्रांतीचा हात घट्ट धरला. "भावजी, सुनेसाठी तुमच्या हातापाया मीच पडले हुते. माझंच चुकलं. पर ल्येक न्हाई द्यायची."

"आवं वयनी, नाव जाईल माझं! चौदा घरं हायेत!"

"नाव जाऊ द्या की!" सृष्टी ओरडली. "माझी बोटं गेल्यात!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.

मग तिनं क्रांतीला तो अर्ज उलटा करायला लावला आणि कोऱ्या बाजूवर कारखाना निरीक्षकांच्या नावे तक्रार सांगायला सुरुवात केली. सेन्सर कधीपासून बंद, कोणी ठेवला, कशासाठी ठेवला, सगळं एकेक करून. लालासाहेब सफरचंदांची पिशवी घेऊन दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

"सेन्सर बंद हाय हे आधी कुनाला सांगितलं हुतंस?" क्रांतीनं पेन थांबवून हळू विचारलं. "नाव लिवू?"

सृष्टीनं दाराकडं पाहिलं.

"लिही. पुरं नाव लिही."

क्रांतीनं लिहिलं.