घडीवाल्याची छत्री

मी हवाई छत्री बोलतेय. हो हो, तीच, विमानातून उडी टाकणाऱ्याच्या डोक्यावर फुलणारी! आता अंगावर ठिगळं आहेत, पण तोरा विचाराल तर अजून तोच.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या लष्करी तळावर मला वेंडेल क्रॅबट्रीच्या हाती दिलं. कॅन्ससच्या शेतावरचा हा पोरगा मरीन सैनिक झाला लढायला, आणि साहेबांनी त्याला बसवलं छत्र्यांच्या घड्या घालायला! तिथला नियम कडक. स्वतः घडी घातलेल्या छत्रीनं स्वतः उडी मारायची, तरच पास. विमानाच्या दारात बिचारा पांढराफटक पडला. मी उघडले तेव्हा मात्र असा ओरडला की खालच्या गाई बुजल्या.

पुढे आम्ही दोघं पॅसिफिकमधल्या एका बेटावर गेलो. लढाई लांब, आमच्या वाट्याला डास आणि चिखल. घरून वडिलांचं एकच टुमणं, "शेजारची पोरं लढतायत, आणि तू चादरी आवरतोयस?" वेंडेलला ते फार लागायचं. वैमानिकही त्याला 'घडीवाल्या' म्हणून चिडवायचे. त्यातले लेफ्टनंट थॉर्न तर माझ्यावर बसून गोड कॉफी ढोसायचे. वैमानिकांना आम्ही बूड टेकायलाच लागतो, काय सांगू!

एका सकाळी थॉर्नसाहेबांनी अख्खा मग माझ्यावर लवंडला. वेंडेलनं मला उचलून छातीशी धरलं.

"ओली झाली साहेब. आज नाही देणार."

"अरे घडीवाल्या, विमानं सुटतायत! बाकी छत्र्या गेल्या. दे इकडे!"

"नाही उघडली तर तुमच्या आईला काय सांगू?"

"तुला शिक्षाच करायला लावतो, थांब!"

वेंडेलनं पकड काही सोडली नाही. साहेबांविनाच विमानं उडाली. वेंडेलनं मला उलगडलं, तर साखरेनं माझ्या घड्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या! त्यानं मला धुतलं, वाळवलं, पुन्हा नीट बांधलं.

दुसऱ्याच दिवशी साहेब मला घेऊन उडाले, आणि त्यांचं विमान हवेत पेटलं. त्यांनी उडी टाकली, कडी ओढली, आणि मी फडाडकन फुलले! अहाहा, काय सांगू तो क्षण! नारळीच्या झाडांत अडकून फाटले, पण माणूस सलामत उतरवला.

संध्याकाळी सगळे जेवत असताना साहेब लंगडत आत आले. एका काखेत मी, दुसऱ्या हातात बाटली. ती त्यांनी वेंडेलपुढे ठेवली.

"घडीवाले, वाचलेल्यानं बाटली आणायची, असा रिवाज आहे. घ्या. आणि कालचं मनावर घेऊ नका."

सगळी पंगत उभी राहून टाळ्या पिटू लागली. दारूला कधी न शिवलेल्या वेंडेलनं एक घोट घेतला, त्याला जोरात ठसका लागला आणि मग तो रडतच सुटला.

फाटकी म्हणून मला त्यालाच देऊन टाकलं. युद्ध संपलं, आणि आता मी कॅन्ससला त्याच्या शेतावर असते. दर उन्हाळ्यात थॉर्नसाहेब बायकोमुलांना घेऊन येतात. मग मला अंगणात पसरतात आणि त्यांची चारही पोरं माझ्याखाली हुंदडतात. पहिल्या खेपेला वेंडेलचे वडील एकेक पोर बोटावर मोजत होते.

"बाळा," ते शेवटी म्हणाले, "ही सगळी पोरं तुझ्या घडीतून निघाली की रे!"

खेळा पोरांनो, हवं तेवढं ओढा मला. फक्त संध्याकाळी माझी घडी वेंडेललाच घालू द्या.