चालेलकाकांची खिडकी

"काका, माझे चौकोन पुन्हा अर्धे कापले गेले," असं म्हणत, पुलांचे आलेख काढते म्हणून कचेरीत जिला सगळे पूलवाली म्हणत, तिने काकांच्या टेबलावरची कुंडी जरा बाजूला सरकवली आणि तिथे आपला लॅपटॉप टेकवला.

काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. पडद्यावर एका पुलाच्या हादऱ्यांचा आलेख होता. निळी नागमोडी रेघ अगदी ऐटीत मधोमध बसली होती. जड वाहन गेल्याची खूण म्हणून पूलवालीने जे केशरी चौकोन काढले होते, त्यांची मात्र डोकी उडाली होती. चौकोन उंच होते आणि अक्ष तिथवर पोचतच नव्हता. आलेख आपोआप मापात बसवायचं बटण कितीही वेळा दाबा, तो बसायचा रेघेपुरता. मग बिचारीने माउसने ओढून ओढून तो मोठा करायचा. दुसऱ्या दिवशी पुलांच्या खात्यातली माणसं बघायला येणार होती.

काकांनी संध्याकाळपर्यंत वेळ मागितला. एवढ्या वेळात झालं तर चालेल का, असंही विचारलं. पूलवालीला हसू आलं, कारण ‘चालेल का’ हे इतरांनी विचारायचं आणि ‘चालेल’ हे काकांनी म्हणायचं, अशी त्या कचेरीतली वहिवाट होती. पंख्याचा वेग वाढवू का? चालेल. तुमची रजा पुढे ढकलू का? चालेल. पुलांचे हादरे मोजणारी यंत्रं बनवणाऱ्या त्या छोट्या कंपनीत सगळे आलेख काकांनी लिहिलेल्या लायब्ररीतून, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या संचातून, निघत आणि सगळे लोक त्यांना चालेलकाका म्हणत, तेही तोंडावर. काकांना त्याचं काही वाटत नसे. ज्याचं मागणं थोडं त्याची भांडणं थोडी, हा त्यांचा हिशेब होता आणि तो खोटाही नव्हता. त्यांना भूक लागे, झोप लागे, डॉक्टर त्यांची नाडी बघून खूश होत. माणूस सुखी होता.

पण त्या सकाळपासून एक गोष्ट त्यांना टोचत होती. पुढच्या आठवड्यात कचेरी नव्या इमारतीत जायची होती. कुणाला कुठे बसायचं ते कळवा, असं व्यवस्थापकाने सगळ्यांना सांगितलं होतं. लोकांनी भरभरून कळवलं, काकांनी नेहमीप्रमाणे काहीच कळवलं नाही. आज नकाशा भिंतीवर लागला, तर काका फिरत्या जागेवर. म्हणजे रोज सकाळी जी खुर्ची रिकामी असेल ती धरायची आणि संध्याकाळी आपला पसारा उचलून घरी न्यायचा. कुंडीचं काय करायचं, ते नकाशात नव्हतं. इमारत बघायला गेले तेव्हा कोपऱ्यातल्या एका खिडकीपाशी काका बराच वेळ उभे राहिले होते. खाली शाळेचं मैदान दिसत होतं. निवृत्तीपर्यंतची वर्षं इथे बसायला मिळाली तर काय बहार येईल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. ती खिडकी मिळाली होती प्रिंटरला. प्रिंटरला खिडकी कशाला हवी होती, देव जाणे.

काकांनी ते गिळलं आणि चौकोनांना हात घातला. भानगड लवकरच सापडली. आलेख काढण्याआधी लायब्ररी प्रत्येक आकृतीला विचारते, "तू कुठून कुठपर्यंत?" सगळ्यांची उत्तरं जमा करून मग ती अक्षांचं माप ठरवते. रेघा, ठिपके ही लायब्ररीची घरची माणसं, ती पटापट उत्तर देतात. पूलवालीचा चौकोन तिने स्वतः घडवलेला, बाहेरून आलेला. आपल्याला असं काही विचारतात, हेच त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो गप्प. आणि जो गप्प त्याला जागा शून्य, हा लायब्ररीचा नियम.

चौकोनाच्या प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या असत्या तर काम भागलं असतं. काका त्या घालायलाही बसले, पण मध्येच थांबले. हा नियम कुणी केला होता? त्यांनीच. ज्याला जागा हवी असेल तो सांगेल की, असं तेव्हा त्यांना अगदी रास्त वाटलं होतं. आता भिंतीवरच्या नकाशाकडे नजर गेली आणि ते स्वतःशीच म्हणाले, वा रे शहाण्या.

मग त्यांनी चौकोनाला हात लावलाच नाही, नियमच बदलायला घेतला. आकृती उत्तर देत नसेल तर ती पडद्यावर प्रत्यक्ष जेवढी उमटते तेवढी मोजायची, आणि तिने आकार बदलला की पुन्हा मोजायची. संध्याकाळी पूलवाली बघायला आली, तर पहिल्या फटक्याला मोठी मजा झाली. चौकोनांवर वाहनाच्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या. आलेख केवढाही करा, त्यांची अक्षरं पडद्यावर तेवढीच राहत. चिठ्ठीला जागा द्यायला अक्षाचं माप वाढलं, वाढलेल्या मापात तेवढ्याच अक्षरांनी आणखी जागा अडवली, म्हणून माप आणखी वाढलं. बघता बघता पुलाचा सगळा हादरा मुंगीएवढा झाला आणि पूलवाली तोंडावर हात धरून हसायला लागली. काकांनी अक्षरांना त्या मोजणीतून वगळलं, तेव्हा कुठे धावाधाव थांबली. तिने बटण दाबलं. अक्ष सरसर वर चढला आणि सगळे चौकोन डोक्यासकट दिसू लागले.

काका इतके खूश झाले की त्यांनी ते बटण उगाच आणखी दोनदा दाबलं.

"दोन ओळींचं काम होतं ना? एवढा घोळ कशाला घातलात?" पूलवालीने विचारलं.

"उद्या दुसरं कुणी नवी आकृती घेऊन येईल. तीही गप्पच असेल."

पूलवालीने लॅपटॉप मिटला. तिचं लक्षही त्या नकाशाकडे गेलं असावं. "माणसांना असं कोण मोजत बसतं, काका?" ती म्हणाली. "रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. जाऊन सांगा व्यवस्थापकाला."

काका पाणी प्यायले, टेबल आवरलं, पुन्हा पाणी प्यायले आणि व्यवस्थापकाच्या खोलीत गेले. व्यवस्थापक त्यांच्या मुलाच्या वयाचा होता. त्याने आदराने खुर्ची दिली. फिरत्या जागेचं ऐकल्यावर तो गोंधळून म्हणाला, "तुम्ही काही कळवलंच नाहीत, काका. मला वाटलं, तुम्हाला कुठेही चालेल."

"नाही चालणार," काका म्हणाले. "मला कोपऱ्यातली ती खिडकी हवी आहे."

हे ऐकून दोघेही दचकले. व्यवस्थापकाने संगणकावर नकाशा उघडला, प्रिंटर उचलून जिन्याजवळ ठेवला आणि खिडकीत काकांचं नाव लिहिलं. एवढंच ना, असं त्याने विचारलं. काका म्हणाले, एवढंच. बाहेर येताना त्यांना हसूही येत होतं आणि थोडा रागही. इतकं सोपं असतं हे, तर आजवर कुणी सांगितलं कसं नाही?

घरी आल्यावर चपला काढता काढताच त्यांनी बायकोला हाक मारली. काकू पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काकांनी सगळं सांगितलं, प्रिंटरचा भाग तर दोनदा. काकूंचे हात थांबले.

"तुम्ही मागितलीत? तोंडाने?"

"हो तर."

"एवढी आवडते तुम्हाला खिडकी?"

"लहानपणापासून."

काकू पलंगाकडे बघत राहिल्या. पलंगाची एक बाजू भिंतीला होती, दुसरी खिडकीला. लग्न झाल्यापासून काका भिंतीकडे झोपत आले होते आणि काकू खिडकीकडे.

"मग इथली का नाही मागितलीत कधी? मी विचारलं होतं पहिल्याच दिवशी. तुम्ही म्हणालात, कुठलीही चालेल."

"मला वाटलं, तुला आवडते."

"मला?" काकू म्हणाल्या. "अहो, मला वारा सोसत नाही. कानाला रुमाल बांधून झोपते मी, ती काय हौस म्हणून? म्हटलं, वाऱ्याची बाजू तुमच्या माथी कशाला मारायची."

तो रुमाल काका इतकी वर्षं बघत होते. काहींना असते सवय, एवढंच त्यांच्या मनात येई. सकाळी डोकं धरून बसलेल्या काकू त्यांना आठवल्या. मग काकूंनाच हसू फुटलं आणि काकाही हसले, पण त्यांचं हसणं लवकर संपलं.

"अगं, मग आज..." ते म्हणाले.

काकूंनी त्यांची उशी उचलली, झटकली आणि खिडकीकडे ठेवली. आपली उशी भिंतीकडे नेली. तिच्याखाली विटलेला रुमाल होता. तो त्यांनी मांडीवर घेऊन नीट सपाट केला, त्याची चौकोनी घडी घातली आणि कपड्यांच्या गठ्ठ्यात सगळ्यांत खाली सरकवून दिला.