सिस्टरची भुवई

कारखान्याच्या फाटकातून आत शिरलं की आधी दिसायचा तो फळा. वर 'अपघाताविना दिवस' आणि खाली आकडा. हा आकडा रोज सकाळी सुरक्षा अधिकारी स्वतःच्या हाताने वाढवत, देवपूजेला बसावं इतक्या मनोभावे. कुणाचं बोट चेपलं की नोंद व्हायची 'किरकोळ'. टाके पडले तर 'किरकोळ, टाक्यांसह'. आकड्याला मात्र कधी साधं खरचटलंही नाही. कामगारांनी साहेबांचं नाव शून्यसाहेब ठेवलं होतं, आणि साहेबांना तो मान वाटायचा.

कारखान्याच्या दवाखान्यात सिस्टर होती. नेमणुकीच्या पत्राप्रमाणे तिचं काम कामगारांचं आरोग्य जपणं आणि कामातले धोके वेळेत ओळखणं. शून्यसाहेबांच्या मते तिचं काम सह्या करणं. आणि तिच्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमची सून कंपनीत चिकटपट्ट्या लावते." तिघांत सासूबाईच सत्याच्या जास्त जवळ होत्या.

वर्षातून एकदा, पत्रे दाबणाऱ्या मशीनांनी कानठळ्या बसवणाऱ्या प्रेस खात्याची श्रवणतपासणी असे. त्यासाठी कंपनीने आवाजबंद खोली घेतली होती, झकास. तिच्यात सुरक्षा सप्ताहाचे फलक ठेवत, कारण फलकांना धूळ सहन होत नाही. तपासणी व्हायची दवाखान्याच्या टेबलावर, समोरासमोर. कामगाराच्या कानावर हेडफोन, सिस्टरच्या हाताशी आवाज सोडणारी पेटी. तिने बटण दाबायचं, आवाज आला की त्याने बोट वर करायचं.

त्या दिवशी चार नंबरच्या प्रेसवाले मामा आले. अख्खं खातं त्यांना मामाच म्हणे. बत्तीस वर्षं एकाच मशीनवर काढलेला माणूस. आल्या-आल्या त्यांनी सिस्टरच्या चेहऱ्यावर नजर रोखली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही न चुकता बोट वर केलं. सिस्टरने सवयीने लिहिलं, 'उत्तम'. सलग सहावं वर्ष.

मामा गेले. पेटी आवरताना तिच्या हाताला हेडफोनची वायर लागली. वायरचं टोक टेबलाखाली मोकळं लोंबकळत होतं. सकाळपासून ती पेटीला जोडलेलीच नव्हती.

 जो आवाज कुणालाच ऐकू येणं शक्य नव्हतं, तो ज्याला ऐकू आला होता, त्याला तिने उत्तम म्हटलं होतं! मग मुद्दाम, वायर न लावताच, तिने आणखी तेरा जणांना बोलावलं. नऊ जणांना सगळं स्पष्ट ऐकू आलं. एकाने तर डावा कान जरा कमी वाटतो अशी तक्रारही केली.

तिने मामांना परत बोलावलं आणि लोंबकळणारी वायर त्यांच्यासमोर धरली. मामा ओशाळले.

"सिस्टर, रागावू नका. बटण दाबताना तुमची भुवई उडते. डावी. नवीन माणूस आला की आम्ही पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो."

म्हणजे सहा वर्षं तिने प्रेस खात्याचे कान तपासलेच नव्हते. तपासले होते डोळे, आणि ते खरोखरच उत्तम होते. तिला हसू आलं आणि लगेच स्वतःची भयंकर लाज वाटली. प्रेस खाली येण्याआधी तीनदा भोंगा वाजतो. हात बाहेर काढायला तेवढाच वेळ. मामांनीच कबूल केलं, त्यांचे हात अजून मनगटाला होते ते केवळ भोंगा वाजला की शेजारचा पाच नंबरवाला त्यांना कोपराने ढोसायचा म्हणून.

"पाच नंबरवाला रजेवर गेला तर?" तिने विचारलं.

मामा तिच्या ओठांकडे बघत म्हणाले, "दोन वर्षं राहिलीत, सिस्टर. आता मशीनवरून काढलं तर घरी काय तोंड दाखवू?"

"दोन हात घेऊन दाखवा."

ती तडक शून्यसाहेबांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचे कान चांगले होते, फक्त वापरात नव्हते.

"परवा सुरक्षा पुरस्काराची समिती येतेय," ते म्हणाले. "वायर लावा, आणि तपासणी पुन्हा घ्या. नेहमीसारखीच. भुवईसकट."

"साहेब, त्या माणसाचा हात जाईल."

"सहा वर्षांत गेला? नाही ना? आणि सहाही कागदांवर सही तुमची आहे, बाई. आता उलटं लिहिलंत तर चूक कोणाची ठरेल?"

"माझी."

 साहेब फळ्याच्या आकड्याबद्दल काहीतरी बोलू लागले, पण ती निघून आली होती.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी तिने मामांना बोलावलं. वायर तीनदा तपासली, मग स्वतः हेडफोन लावून ऐकून बघितला. मामांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. ते नाराजीनेच बसले, पण बसले ताठ, परीक्षेला आलेल्या पोरासारखे, बोट गुडघ्यावर तयार ठेवून.

तिने बारीक आवाजापासून सुरुवात केली. मग एकेक पायरी वर. डावा कान झाला, उजवा झाला. शेवटच्या पायरीला तर हेडफोनमधली किणकिण तिला टेबलापलीकडूनही ऐकू येत होती. मामांचं बोट गुडघ्यावरच होतं. तिने पेटी बंद केली. तिला रडू फुटलं, आणि ते दाबायची गरजही नव्हती.

भिंतीकडे तोंड करून मामा म्हणाले, "करा ना सुरू, सिस्टर. मशीन खोळंबलंय."

तिने कागद ओढला. 'दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. प्रेसवर काम देऊ नये.' त्याखाली लिहिलं, 'मागील सहा वर्षांचे शेरे चुकीचे. चूक तपासणाऱ्याची.' सही केली. मग उठून खुर्ची स्वतःकडे वळवली आणि कागद मामांच्या हातात दिला.