हात मागे

आईच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा धाकटीने देवापुढे हात जोडून नेम घेतला: आईला आपल्या हाताने भरवल्याशिवाय स्वतः जेवायचं नाही. कॉलेजच्या धावपळीतही तो तिने मोडला नाही. आईची वाचा शाबूत होती. उजवा हात तेवढा मांडीवर पडून असे, दुसऱ्या कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप तिला फार लांबच्या शहरात मिळाली. लुळे पडलेले हातपाय कामाला लावण्यात ते रुग्णालय नावाजलेलं होतं. तिचा पाय निघेना. शेवटी आईच म्हणाली, "जा बाई. इथे राहून माझ्या तोंडाकडेच बघत बसशील. शिकून ये, आणि हा आळशी हात उचलून दाखव."

नेम वहिनीवर सोपवून ती निघाली.

खोलीच्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. सूर्य कुठून उगवतो तेच कळेना, तेव्हा देवाची तसबीर तिने अंदाजानेच पूर्वेला ठेवली. रुग्णालयाचा रस्ता चढणीचा. माणसं खाली मान घालून भराभर जायची. ओळखीचं असं काही नव्हतं. रोज सकाळी हात जोडून ती एकच मागणं मागायची, आईचा हात.

उपचाराच्या लांबट खोलीत कमरेइतक्या उंच टेबलावर पेले, झाकणाच्या बरण्या, मोठाली बटणं लावलेलं कापड, असं साधंसुधं सामान मांडलेलं असे. तिच्या वाट्याला आले शिंपीकाका. जन्मभर कात्री चालवलेला त्यांचा हात आता अर्धा भरलेला पेला ओठांशी न्यायला धडपडत होता. पेला थरथरला, कलला. धाकटीने झेप घालून तो धरला आणि त्यांच्या तोंडाला लावला.

"सांडलं असतं ना, काका!"

"सांडू दे की. पाणीच आहे, अत्तर नाही."

"हात मागे," पाठीमागून आवाज आला. तिला शिकवणाऱ्या मोठ्या बाई होत्या. "सकाळपासून हे कितव्यांदा?"

"बाई, सवयच आहे हो हाताला. घरी आईला मीच भरवते. नेम आहे माझा."

"आणि तेव्हा तिचा हात काय करतो?"

धाकटीने पेला टेबलावर ठेवला. आईच्या मांडीवर ती रोज स्वच्छ रुमाल पसरायची. हात त्या रुमालाखाली असायचा. रुग्णाला त्याचं काम त्यालाच करू द्यावं, हे तिने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून शाबासकीही मिळवली होती. पण पुस्तकातला रुग्ण म्हणजे काही आई नव्हे.

शिंपीकाका दुसरीकडे बघू लागले.

"वारं गेल्यानंतरचे सुरुवातीचे दिवस हात शिकवायला सोन्याचे असतात, ते गेले," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "सगळंच गेलं असं मात्र मी म्हणणार नाही. खांदा हलवते?"

"थोडासा."

"मग उद्यावर टाकू नकोस."

संध्याकाळी फोनवर 'आईला आता भरवू नकोस, तिचं तिला जेवू दे' हे ऐकल्या ऐकल्या वहिनी उसळलीच. "वेड लागलंय का तुला? ताट पुढ्यात ठेवून नुसतं बघत बसू? शेजारणी माझ्या नावाने बोटं मोडतील."

"दे गं फोन इकडे," आईचा आवाज आला. "काय गं, लांब गेलीस ती गेलीस, आता माझा घासही काढून घेतेस?"

"आई, तुझ्या हाताचं काम मीच करत राहिले. मला वाटलं, सेवा करतेय."



"म्हणजे आपण दोघींनी मिळून थोपटून झोपवलं म्हणायचं याला," आई म्हणाली. "बरं. सांग काय करायचं ते."

चमच्याच्या दांड्याला जाड कापड गुंडाळायला तिने वहिनीला सांगितलं. वहिनीने व्हिडिओ चालू करून फोन तांब्याला टेकवून उभा केला. इकडे आपलं ताट वाढून धाकटी पडद्यासमोर बसली.

पहिल्यांदा चमचा निसटला. भात मांडीवर सांडला. वहिनीचा हात झटकन पुढे आला.

"वहिनी, हात मागे."

हे म्हणताना धाकटीने स्वतःचेही हात पाठीमागे नेले होते, बोटांत बोटं घट्ट अडकवून. देवाचं नाव तेवढं ओठांवर होतं. आईचा खांदा वर आला. कोपर आलं नाही. कपाळावर घाम फुटला. मग तिने मान खाली घातली. निम्मी वाट हात आला, निम्मी तोंड गेलं, आणि चार शितं आत गेली.

आई ती कितीतरी वेळ चावत राहिली.

"भात खारट झालाय," ती म्हणाली.

"मीठ घातलेलंच नाही हो त्यात," वहिनी म्हणाली, आणि तिने तोंड फिरवलं.

"रोज एवढंच जमलं तर?" आईने विचारलं.

"तर एवढंच," धाकटी म्हणाली. "पण तुझ्या हाताने."

आईने चमचा पुन्हा ताटाकडे ढकलायला घेतला. "तू जेव आता. निवलं असेल तुझं."

धाकटीने हात पुढे घेतले. बोटं इतकी आखडली होती की तिला स्वतःचा पहिला घास नीट उचलता येईना.